दोघींची एक पावती

पौष शुद्ध द्वादशी, शके १७८६. अमरावती, परकोटाच्या आतली एक कापसाची वखार. रुपये एकशेसाठ, कलदार. हजर: दलाल दौलत, माझा गाडीवान तुळशीराम, वखारीसमोरचा तांबोळी आणि मी.

पावती मीच लिहिली. बावीस वर्षे कचेरीत कारकुनी केली आहे. अशा कामात दुसऱ्याच्या अक्षरावर विसंबत नाही. 'गंगू व सकू, दर असामी ऐंशी रुपयेप्रमाणे एकूण एकशेसाठ रोख पोचले. आजपासून दलालाचा दोघींवर काही एक हक्क राहिला नाही.' खाली दौलतची निशाणी, तांबोळ्याची आणि तुळशीरामची साक्ष, आणि पैसे देणारा म्हणून माझी सही. हक्काचे ते शेवटचे वाक्य मला फार पक्के वाटले होते. गंगू आणि सकू दोन हातांच्या अंतरावर कापसाच्या ढिगाला टेकून बसल्या होत्या. हजर असलेल्यांत त्यांची नावे घालायचे मला सुचले नाही.

आता हा प्रवास का केला ते सांगतो. नाशकात आमच्या घरी भागीरथी नावाची बाई भांडी घासते. गंगू तिची मुलगी, कुणब्याची विधवा. दोन वर्षांपूर्वी एक मुकादम सिन्नरच्या बाजूच्या सात बायका कापूस वेचायला म्हणून वऱ्हाडात घेऊन गेला. रोज तीन आणे मजुरी, होळीला परत, असा बोल होता. होळी आली, मुकादम आला, बायका आल्या नाहीत. पुढे तुळशीराम गाडी घेऊन अमरावतीला गेला असताना एका वखारीत त्याला पाणी द्यायला आली ती गंगू. तिने एवढेच सांगितले, की मी आणि सकू इथे आहोत आणि आमची किंमत ऐंशी आहे. आम्ही पाच घरांनी मिळून तीनशे रुपये जमवले. त्यातून दोघींना सोडवायचे आणि पोट भरायचे काही साधन करून द्यायचे, असे ठरले. माझी सेवा संपलेली, मुले मोठी, म्हणून जायचे माझ्याकडे आले.

रेल्वेचा रस्ता जिथे संपला तिथून पुढे तुळशीरामची गाडी. काळी जमीन पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्याकडे शेताच्या बांधावर दगड असतो, इथे दगड शोधावा लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना गाड्यांतून ओढला गेलेला कापूस लटकत होता, कोसच्या कोस. तो वेचायला कोणी थांबत नव्हते. विलायतेकडे कापसाला असा भाव, की बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या दिसू लागल्या होत्या. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका पाटलाच्या ओसरीवर आम्ही दुपार काढली. भिंतीवर तीन घड्याळे होती. तिन्ही बंद, तिन्हींत निराळी वेळ.

"तीन कशाला?" मी विचारले.

"पैसा आला, घेतली जी," पाटील म्हणाला. "गेल्या साली घड्याळं घेतली. औंदा धाकल्यानं बाई आनली, अमरावतीहून."

"लग्न केले?"

"आनली म्हनलं ना."

आत कोणीतरी जाते ओढत होते, ते थांबले नाही. पाटलाने आम्हाला ताक आणि गूळ दिला. माणूस वाईट नव्हता, हेही लिहिले पाहिजे.

दौलतशी मी भाव केला नाही. ठाण्यात जाईन म्हणून पाहिले. तो हसला. "जा ना. तुमी ठान्याच्या पायरीवर, अन् ह्या दोघी हिंगनघाटच्या वाटेवर. गाड्या रोजच जाऊन राहिल्या." तेव्हा पैसे मोजले. निजामाचा हाली शिक्का तो घेईना. नेलेले इंग्रजी कलदार कामी आले.

अकोल्याच्या वाटेवर

परतीच्या गाडीत पहिला दिवस दोघी बोलल्याच नाहीत. गंगू तिशीची, अंगाने थोराड. सकू बावीस-तेवीसची, हाताने चपळ, एका जागी बसवत नसे. दोन वर्षांत दोघींची बोली निम्मी वऱ्हाडी झाली होती.

दुसऱ्या मुक्कामाला मी चूल मांडली. घरी मी कधी भात केलेला नाही, आणि परजातीच्या बायकांच्या हातचे खायचे नाही असे ठरवून निघालेलो. भात खाली करपला, वर कच्चा राहिला. सकूने पातेल्यात डोकावून पाहिले.

"तात्या, ह्या भातापरीस दलालाकडचं बरं होतं."

तुळशीराम हसता हसता आडवा झाला. गंगूही हसली. मी रागावायला हवे होते, पण मलाही हसू आले. त्या रात्री त्या दोघींनी आपली ज्वारीची भाकरी वेगळी भाजली, आणि मी करपलेला भात मुकाट्याने खाल्ला.

जेवण झाल्यावर सकूने विचारले, "तात्या, आता आमी कोनाच्या?"

"कोणाच्या नाही."

तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. "मंग सकाळी भाकर कोन देते?"

मी तिला बेत समजावून सांगितला. अकोल्यात सरकी काढायची लाकडी चरखी मिळते, आमच्याकडच्यापेक्षा मोठी. कापसाच्या हंगामाचे चार महिने तिथेच काम करायचे, मग गावी. एकीने दांडा फिरवायचा, दुसरीने कापूस घालायचा. व्यापारी कापूस देतो, आपण रुई करून द्यायची, वजनावर मजुरी. दोघींना मिळून दिवसाला साडेतीन आणे सुटतील, असा हिशेब मी तुळशीरामकडून चौकशी करून आधीच मांडला होता. एक आणा नऊ पै एकीला.

"दांडा गंगी फिरवन," सकू म्हणाली. "कापूस मी घालीन. तिचे हात मुसळावानी आहेत."

"अन् तुही जीभ चरखीवानी," गंगू म्हणाली.

अकोला, संक्रांत

मोर्णा नदीच्या काठी संपत माळ्याचा वांग्या-मिरच्यांचा मळा आहे. तुळशीरामची आणि त्याची जुनी ओळख. मळ्यातले एक छप्पर त्याने महिना आठ आण्यांवर दिले. त्याची बायको अनसा त्या दिवशी तिळगूळ वाटत होती. आमच्याकडच्या बायकांप्रमाणेच इथेही सवाष्णी एकमेकींना वाण देतात. अनसा वाण घेऊन छपरापर्यंत आली आणि थबकली. या दोघी सवाष्ण, का विधवा, का आणखी काही, तिला कळेना. मग तिने वाण खाली ठेवले, दोघींच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "तीळ तं कोनालेही चालते." मला तिचे ते वागणे पटले.

चरखी सव्वासहा रुपयांना घेतली. मग एका मोठ्या व्यापाऱ्याच्या वखारीत गेलो. त्याच्या मुनिमाने वही उघडली आणि दोघींकडे न पाहता मला विचारले, "बाईच्या नावापुढं काय लिवू? नवरा कोन?"

"नाही."

"बाप? भाऊ?"

"इथे कोणी नाही. त्यांच्याच नावाने लिहा."

"असं होत नाई जी. उद्या कापूस घेऊन पयाली तं मी कोनाले पकडू? कोनाच्या आहेत ह्या?"

त्या कोणाच्याही नाहीत हे सिद्ध करायला मी खिशातून पावती काढली. दलालाचा हक्क संपल्याचे वाक्य त्याला बोट ठेवून दाखवले. त्याने पावती वाचली, पुन्हा वाचली, आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"मंग असं सांगा ना. पैसे तुमी देल्ले. तुमीच मालक."

मी म्हटले, मी मालक नाही. तो म्हणाला, कागद तसे म्हणतो. शेवटी त्याने तोड सुचवली: ही पावती कापसाचे तारण म्हणून त्याच्याकडे ठेवायची. मी चार महिन्यांनी चिठ्ठी धाडली की तो परत करील. कचेरीत तारणाचे कागद मी हजार वेळा हाताळले होते. मला त्यात काही गैर दिसले नाही. पावती दिली, आणि पावती मिळाल्याची पावती घेतली.

बाहेर आल्यावर गंगू म्हणाली, "तो कागद आमच्यापाशी काहून नाई ठेवला?"

"हरवाल."

ती पुढे चालू लागली.

नांदगाव खंडेश्वर

उरलेल्या पाच जणींपैकी एक नांदगाव खंडेश्वरला एका शेतकऱ्याकडे असल्याचे सकूने ऐकले होते. पौष वद्य द्वितीयेला तुळशीरामबरोबर निघालो. तिकडचे लोक बोलायला तुटक वाटतात, पण पाणी मागितले तर आधी गूळ पुढे करतात. शेतकऱ्याचे घर सापडले. त्याची म्हातारी आई बाहेर आली.

"मेली ते," ती म्हणाली. "गेल्या पावसात पटकीनं. दोन दिवसांत गेली."

मी विचारले, तिचे काही मागे राहिले आहे का. म्हातारी आत गेली आणि काचेची एक बांगडी घेऊन आली. "चार होत्या. तीन फुटल्या." मग म्हणाली, "हाताले चांगली होती. माया लेकानं शंभर देल्ले होते तिचे. वरीसभर बी नाई राह्यली."

ती रडत होती. शंभरांसाठी का बाईसाठी, ते मला ठरवता आले नाही. बांगडी रुमालात बांधून घेतली. बाकी चौघींचा माग लागला नाही.

पुन्हा अकोला

वद्य एकादशीला संध्याकाळी मळ्यात पोचलो. चरखी छपराबाहेर तशीच पडलेली. गंगू दाराशी बसली होती. उठली नाही.

"सकू नेली," ती म्हणाली.

झाले होते ते असे. दोघींनी पहिल्या आठवड्यात रुई नेऊन दिली, तिचे वजन मुनिमाच्या तराजूत कमी भरले. सकाळच्या दहिवरात कापूस देताना तो ओला, म्हणून जड. वाळून परत आला की हलका. हे तिथल्या पोरालाही ठाऊक असते. मुनिमाने तूट मांडली तीन रुपये दहा आणे. ती भागवायला त्याने तारण वटवले. कापूस घेऊन हिंगणघाटकडे जाणारा एक गाड्यांचा मक्तेदार वखारीत उतरला होता. पावतीत एकीची किंमत ऐंशी लिहिलेलीच होती. मक्तेदाराने सकूचे पंच्याण्णव दिले.

"चार जन आले," संपत सांगू लागला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. "गंगी नदीवर होती. म्या आडवं झालो जी, खरंच झालो. त्यायनं कागद काढला. म्या काय वाचतो का? म्हने, हे पाय, तुया पाव्हण्याचीच सही. म्या म्हनलं, तात्याचंच सांगनं असन."

"सकू काय म्हणाली?"

"ते म्हने, तात्या असं लिवनारच नाई." संपतने मान खाली घातली. "मंग त्यायनं तिले वाचून दाखवलं. तिचं नाव, किंमत, सगळं. मंग ते चुप झाली."

मी वखारीत गेलो. मुनीम ओशाळला नाही. तूट काढून उरलेले एक्याण्णव रुपये सहा आणे त्याने माझ्या नावावर जमा मांडले होते, मला वही दाखवली. पै चुकली नव्हती. "तूट जाऊन बी तुमाले अकरा रुपये सा आने फायदाच झाला," तो म्हणाला. मी त्या रकमेला हात लावला नाही. तूट एकदा कापून घेतली असूनही ती गंगूच्या वाट्यालाही लागू आहे म्हणाला, तेवढे खिशातून पुन्हा मोजून दिले आणि उरलेली पावती सोडवली. सकूला नेल्यावर त्याने ती मधोमध फाडून सकूच्या नावाचा तुकडा मक्तेदाराला दिला होता. माझ्या हातात गंगूच्या नावाचा तुकडा आला.

ठाणेदाराने मला बसायला बाजले दिले. तुकडा दिव्याशी धरून वाचला. "अक्षर झकास आहे," म्हणाला. "कोनाचं?"

"माझे."

"रावसाहेब, माणसाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. विकनारा गुन्हेगार, घेनारा बी गुन्हेगार. फिर्याद लिवून घेतो. पन पयला घेनारा कोन म्हनून लिवू?"

मी म्हटले, माझे नाव लिहा. त्याने ते खरोखरच लिहिले, आणि एक शिपाई हिंगणघाटच्या वाटेवर धाडला. शिपाई सहा दिवसांनी परत आला. त्या वाटेवर गाड्या शेकड्यांनी होत्या. सकू मिळाली नाही.

त्या सहा दिवसांत गंगू जेवत होती, पाणी भरत होती, चरखीला शिवत नव्हती. मी तिच्यासमोर पावतीचा तुकडा चुलीत घालायला गेलो. तिने हात धरला.

"जाळून काय होते? कोनी पाह्यलं? उद्या कोनी म्हनन, कागद होता, हरवला, बाई तात्याची. मुनीम सांगन. संपत सांगन."

"मग काय करू?"

"पंच बोलवा. काडी मोडा."

काडीमोड म्हणजे काय ते मला ठाऊक होते. नवरा-बायकोचे फिसकटले, की पंचांसमोर काडी मोडायची, आणि दोघे मोकळे. आमच्या जातीत लग्न असे मोडत नाही. मी तिला म्हटले, "अग, काडीमोड नवऱ्याने करायची असते. मी तुझा कोण?"

"तेच तं मी इचारते," गंगू म्हणाली. "काय म्हनून घेतलं मले? कागदावर तुमचंच नाव आहे. चार लोकांसमोर मोडलेली बाई कोनी इकत नाई, तात्या. कागद तं कोनीही इकते."

मी रात्रभर विचार केला असे लिहिणार नाही, तासभर केला. अकोल्यात नाशिकचे दोन सावकार येऊन-जाऊन असतात. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचणार, हे उघड होते. पत्नीला काय सांगायचे, हे सुचेना. मग सकूला वाचून दाखवलेली माझी अक्षरे आठवली, आणि संपतला पंच बोलवायला सांगितले.

माघ शुद्ध पंचमी

पाच पंच आले, मळ्यातल्या चिंचेखाली बसले. सगळ्यांत म्हातारा होता तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "सत्तर वरसांचा झालो, पन असल्या माणसाची काडीमोड पाह्यली नाई. पोरीनं तरास देल्ला का तुमाले?"

"काहीही नाही," मी म्हटले. "त्रास मी दिला."

"ऐका लेको, असं आपल्यात कोनी म्हनत नाई," तो बाकीच्यांना म्हणाला, आणि सगळे हसले.

काडी पऱ्हाटीची होती, तिथे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. मी दोन्ही हातांनी मोडली. आतली काडी कट्कन तुटली, पण साल तुटेना. दोन तुकडे सालीला लोंबत राहिले.

"वली आहे," म्हातारा म्हणाला. "पिरगाया."

मी पिळली, ओढली. साल तागासारखी ताणत गेली. शेवटी गंगू पुढे झाली. एक टोक तिने धरले, एक मी. तिने मनगटाला वेढा घेऊन हिसका दिला तेव्हा तुटली. म्हाताऱ्याने तीनदा विचारले, "मोडली?" लोकांनी तीनदा सांगितले, "मोडली."

पंचांना पाच रुपये आणि जेवण. पंगतीत मलाही बसावे लागले. अनसाने तुरीचे ओले दाणे घालून केलेली वांगी आणि भाकरी मी खाल्ली. घराबाहेर इतके चांगले जेवण मी जेवलो नव्हतो.

पंचांतल्याच एकाची लहानशी वखार होती. त्याने गंगूला कापूस दिला, दुपारी दिला, ऊन खाल्लेला. दांडा गंगूने फिरवायचा. कापूस घालायला अनसा, मळ्याच्या कामातून सवड मिळेल तेव्हा. वहीत त्याने लिहिले: 'गंगू, काडीमोड झालेली, वस्ती मोर्णाकाठ.' नवऱ्याची, बापाची, मालकाची जागा 'काडीमोड झालेली' या दोन शब्दांनी भरली. याहून चांगले मला करता आले नाही. आठ दिवसांनी तिचा वाटा नऊ आणे झाला. तो त्याने तिच्या हातावर ठेवला. तिने दोनदा मोजला.

भागीरथीने निरोप दिला होता, की पोरीला घेऊनच या. गंगू म्हणाली, "मायले सांगा, मी बरी आहे. गावात आली तर रोज कोनी ना कोनी इचारन, दोन वरीस कुठं होती. इथं सगळ्यायले ठाऊक आहे, कोनी इचारत नाई." मग नऊ आण्यांतले चार तिने मला दिले. "हे सकूच्या मायले द्या. माया मायले तुमच्या घरी भाकर आहे. तिले कोन आहे?"

घरी

वर्गणीदारांना हिशेब दिला. 'पंचांस काडीमोडीबद्दल पाच' या ओळीवर एकजण खोकला. पत्नीने दुसऱ्या दिवशी विचारले, "मोडलीत म्हणे काडी?" मी म्हटले, "मोडली." तिने बराच वेळ तांदूळ निवडले. "मोडली ते बरे केलेत," म्हणाली. पुढे महिनाभर तिने माझ्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले. काचेची बांगडी मी तिसऱ्या गावी जाऊन नांदगावला मेलेल्या त्या बाईच्या भावाला दिली. त्याने ती घेतली आणि दार लावले.

सकूची आई सिन्नरच्या वाटेवर एका खोपटात राहते. मी सगळे सांगितले, पावतीसकट. ती जमिनीकडे पाहत ऐकत होती. चार आणे पुढे केले तेव्हा तिने मान वर केली.

"सकूनं धाडले?"

"नाही. गंगूने."

तिने पैसे घेतले, लुगड्याच्या टोकाला बांधले, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"तुमाला वाचता येतं नव्हं?" तिने विचारले. "मग लिहिताना तुमी ते वाचलं नव्हतं का?"

घरी येऊन हिशेबाच्या वहीत शेवटची ओळ लिहिली. दिले: चार आणे, सकूच्या आईस, गंगूकडून. पावती घेतली नाही.